गणित ऑलिम्पियाडला पहिल्यांदाच जाताना: परीक्षेचे नऊ तास आणि बाकीचे दिवस

सहावा_गडी (प्रश्न)

नमस्कार. जुलैत होणाऱ्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडसाठी सहा जणांच्या संघात माझी निवड झाली आहे. मी कधी परदेशात गेलेलो नाही आणि घरातही कोणी असल्या स्पर्धेला गेलेले नाही, त्यामुळे विचारायचे कोणाला हाच प्रश्न होता. संघातले दोघे जण मागच्या वर्षीही गेले होते. ते माझ्याशी चांगले वागतात, पण "तिथे गेल्यावर सगळे कळेल" यापलीकडे काही सांगत नाहीत.

परीक्षेचे स्वरूप मला तोंडपाठ आहे. लागोपाठ दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीन प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला 7 गुण, एकूण 42. जुने पेपर सोडवून झाले आहेत. जे कुठे लिहिलेले सापडत नाही, तेवढ्यासाठीच हा धागा काढत आहे.

पहिली शंका लिहिण्याविषयी आहे. सराव परीक्षांमध्ये माझे नेहमी असे होते की तीनपैकी एक प्रश्न पूर्ण सुटतो आणि बाकी दोघांत काहीतरी हाती लागते, पण ते सिद्धतेपर्यंत पोचत नाही. अशा वेळी ते अर्धवट काम पक्क्या पानांवर उतरवावे, की सुटलेल्या प्रश्नाचीच मांडणी पुन्हा तपासत बसावे? अर्धवट कामाला गुण मिळतात असे काही जण सांगतात, तर काही जण ठामपणे नाही म्हणतात.

दुसरी शंका अशी की पहिला दिवस वाईट गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी माझा हात चालत नाही. निवड शिबिरात हे दोनदा झाले आहे. तिथे तर संघनायकांशी, म्हणजे संघाचे प्रमुख असलेल्या शिक्षकांशी, बोलताही येत नाही असे ऐकले. हे खरे आहे का, आणि असेल तर असा नियम कशासाठी?

तिसरी शंका विचारायला थोडा संकोच वाटतो. दहा दिवसांतले नऊ तास परीक्षेचे. उरलेला सगळा वेळ शंभराहून अधिक देशांतल्या मुलांबरोबर काढायचा, आणि मी अनोळखी माणसांत गप्प बसणारा आहे. इंग्रजी वाचतो, लिहितो, पण बोलताना वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

त्रिज्या

अभिनंदन. मी काही वर्षांपूर्वी एकदाच गेले होते आणि पदक न घेता परत आले, त्यामुळे माझे म्हणणे त्या हिशेबाने वाचावे. तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर माझ्या त्या हुकलेल्या पदकातच आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधी संघनायकांविषयी. तुम्ही ऐकले ते खरे आहे. सहभागी देशांकडून आलेल्या प्रश्नांतून यजमान देशाची समिती सुमारे तीस प्रश्नांची यादी करते, त्या यादीतून अखेरचे सहा प्रश्न सर्व देशांचे संघनायक मिळून निवडतात, आणि मग तेच आपापल्या मुलांसाठी त्यांची भाषांतरेही करतात. म्हणजे आपल्या संघनायकाला दोन्ही दिवसांचे पेपर आपल्याआधी ठाऊक असतात. म्हणूनच ते काही दिवस आधी पोचतात, वेगळ्या ठिकाणी राहतात आणि दुसरा पेपर संपेपर्यंत मुलांशी एक शब्द बोलू शकत नाहीत. उपनायक मात्र मुलांबरोबर येतात आणि त्यांना प्रश्न ठाऊक नसतात, त्यामुळे मन मोकळे करायला कोणीच नाही असे होत नाही. उद्घाटनाला एकेका देशाचा संघ झेंडा घेऊन मंचावरून जातो. आमच्या वेळी संघनायक वरच्या सज्जात बसले होते. ज्या सरांनी महिनाभर आमच्या चुकांभोवती लाल पेनाने गोल काढले होते, ते वरून दोन्ही हात हलवत होते आणि आम्ही खालून. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती इतकेच अंतर होते, पण आमच्यातल्या कोणी तोंड उघडले नाही.

परीक्षेच्या सभागृहात प्रत्येकाला स्वतंत्र टेबल असते, आणि टेबलावर पाणी, कागद किंवा स्वच्छतागृह यांसाठी उंच धरायची कार्डे ठेवलेली असतात, म्हणजे कोणाला तोंडाने काही मागावे लागत नाही आणि भाषेची अडचण येत नाही. पहिल्या अर्ध्या तासात प्रश्नाच्या शब्दरचनेविषयी लेखी शंका विचारता येते. ती शंका सर्व संघनायकांच्या ज्युरीपुढे जाते, तिथे आपलाच संघनायक ती वाचून दाखवतो आणि उत्तर काय द्यायचे ते ज्युरी ठरवते. मी दुसऱ्या प्रश्नातल्या एका अटीविषयी विचारले होते. बऱ्याच वेळाने चिठ्ठी परत आली. तिच्यावर "प्रश्न पुन्हा वाचा" एवढेच होते, पण अक्षर सरांचे होते. त्या उत्तराचा गणिताला काडीइतका उपयोग झाला नाही, तरी मी ती चिठ्ठी पेपर संपेपर्यंत पट्टीखाली दाबून ठेवली होती.

आता मुद्द्याचे. पहिल्या दिवशी पहिला प्रश्न तासाभरात सुटला. दुसरा भूमितीचा होता आणि त्यात दोन तास घालवून हाती लागला तो एक चक्रीय चौकोन. आकृतीतले चार बिंदू एकाच वर्तुळावर आहेत हे मी रफ पानावर पाच ओळींत सिद्ध केले होते, पण पुढे त्याचे काय करायचे ते दिसेना, म्हणून "यात काही नाही" असे समजून ते पक्क्या पानावर घेतलेच नाही. तिसरा प्रश्न फक्त वाचला. सुदैवाने रफ पानेही उत्तरपत्रिकेबरोबरच द्यायची असतात. गुण ठरवण्याच्या टेबलावर आमच्या संघनायकांनी त्या पाच ओळींवर बोट ठेवले आणि मला 2 गुण मिळाले, कारण गुणदानाच्या तक्त्यात तो चौकोन सिद्ध करण्याला नेमके तेवढेच गुण ठेवलेले होते. मला जे फुकटचे वाटले, ते त्या प्रश्नाचे पहिले खरे पाऊल होते.

दुसऱ्या दिवशी याच्या नेमके उलटे झाले. चौथा प्रश्न मला पूर्ण सुटला होता. त्यात दोन प्रकरणे होती. पहिले मी नीट लिहिले आणि दुसरे "याचप्रमाणे" म्हणून एका ओळीत उरकले. ते याचप्रमाणे नव्हते. त्यात ज्या राशीने भागायचे ती शून्य होऊ शकत होती आणि ती शक्यता वेगळी हाताळायला हवी होती. 1 गुण गेला. पाचव्यात आणि सहाव्यात काही नाही. एकूण 15 झाले आणि कांस्यपदकाची रेषा, म्हणजे त्यासाठी लागणारे किमान गुण, 16 वर आली. पहिल्या प्रश्नात पूर्ण 7 असल्यामुळे सन्माननीय उल्लेखाचे प्रमाणपत्र मिळाले. पदक नसलेल्या ज्याला एका तरी प्रश्नात पूर्ण गुण आहेत, त्याला ते मिळते.

तेव्हा "अर्धवट लिहावे का" याचे माझे उत्तर असे आहे की सिद्ध झालेले सगळे लिहावे, पण त्यासाठी सुटलेल्या प्रश्नातला वेळ चोरू नये. मी दोन्ही चुका केल्या आणि त्यांतली एक मला महागात पडली.

कोपऱ्यातले_टेबल

मी शिक्षक आहे आणि दोनदा उपनायक म्हणून गेलो आहे, म्हणून तुला "तू" म्हणतो, राग मानू नकोस. त्रिज्या यांनी ज्या टेबलाचा उल्लेख केला त्याच्या एका बाजूला मी बसलेलो आहे. तिथे काय चालते हे मुलांना आधी ठाऊक असेल तर ती निराळ्या पद्धतीने लिहितील असे मला नेहमी वाटते.

दुसरा पेपर संपला की उपनायकही संघनायकांकडे राहायला जातो आणि आम्ही दोघे रात्रभर आपल्या सहा मुलांच्या उत्तरपत्रिका वाचतो. यजमान देशाने नेमलेले कोऑर्डिनेटर त्याच उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे वाचतात. मग प्रत्येक प्रश्नासाठी ठरलेल्या वेळी टेबलाच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला आम्ही बसतो, आणि एकेका मुलाला किती गुण यावर एकमत करतो. एकमत झाले नाही तर प्रकरण त्या प्रश्नाच्या प्रमुखाकडे, तिथून मुख्य कोऑर्डिनेटरकडे आणि अगदीच अडले तर ज्युरीकडे जाते. यजमान देशाच्या स्वतःच्या मुलांचे गुण मात्र त्या देशाचे कोऑर्डिनेटर ठरवत नाहीत. ज्या देशाने तो प्रश्न सुचवलेला असतो त्याच्या संघनायकाबरोबर बसून ते ठरवले जातात.

मुलाला आपल्या भाषेत उत्तर लिहिता येते. समोरच्या माणसाला ती भाषा येत नसली तर ओळ न् ओळ समजावून सांगायचे काम आमचे. पण सांगायचे म्हणजे जे पानावर आहे तेच. "हा मुलगा हुशार आहे, त्याला हे नक्कीच दिसले असणार" या वाक्याला तिथे किंमत नाही. पानावर बोट ठेवता आले पाहिजे. मी एकदा माझ्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतल्या एका बाणासाठी वीस मिनिटे भांडलो होतो. पहिल्या ओळीपासून तिसऱ्या ओळीपर्यंत त्याने नुसता बाण काढला होता, आणि मधली पायरी त्याच्या डोक्यात होती हे मला शंभर टक्के ठाऊक होते, कारण तीच पायरी मी त्याला शिबिरात शिकवली होती. समोरचे कोऑर्डिनेटर फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "हे कोणत्या पानावर आहे?" गुण मिळाला नाही, आणि खरे सांगायचे तर मिळायलाही नको होता.

अर्धवट कामाचे म्हणशील तर गुण कष्टांना नसतात, निष्पत्तीला असतात. चार-पाच छोटी उदाहरणे करून पाहिली, आकृती सुबक काढली, उत्तर काय असेल ते ओळखले, याला बहुतेक वेळा शून्य. एखादा सहायक दावा स्पष्ट मांडला, तो सिद्ध केला आणि तो पूर्ण सिद्धतेच्या वाटेवर असला, तर एक-दोन, कधी तीन. म्हणून दावा वेगळ्या ओळीत लिही, त्याला क्रमांक दे आणि त्याखाली त्याची सिद्धता दे. जे सिद्ध झालेले नाही पण खरे वाटते, ते "सिद्ध झालेले नाही" असे नोंदवूनच लिही. प्रामाणिकपणे लिहिलेल्या अपूर्ण उत्तराची वाट आम्हाला टेबलावर सहज दाखवता येते, आणि खोट्या पायरीवर उभे केलेले पूर्ण उत्तर मात्र पुष्कळदा सगळेच कोसळते.

आता जरा हिशेब बघ. साधारण निम्म्या स्पर्धकांना पदके मिळतात आणि सुवर्ण, रौप्य, कांस्य यांचे प्रमाण 1:2:3 च्या आसपास ठेवलेले असते, त्यामुळे रेषा दरवर्षी हलते. कांस्यपदकाची रेषा 2023 साली जपानमधल्या चिबाला 18 वर होती, 2024 साली इंग्लंडमधल्या बाथला 16 वर आणि 2025 साली ऑस्ट्रेलियात 19 वर. प्रत्येक दिवसाचा पहिला प्रश्न, म्हणजे 1 आणि 4, सर्वांत सोपा असतो. हे दोन पूर्ण केलेस तर 14. म्हणजे या तिन्ही वर्षी पदकासाठी उरलेल्या चार अवघड प्रश्नांतून मिळून 2 ते 5 गुण हवे होते. त्रिज्या यांच्या चक्रीय चौकोनाची किंमत इथे कळते आणि त्यांच्या "याचप्रमाणे"चीही.

तुझ्या दुसऱ्या शंकेलाही या रचनेतच उत्तर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्यासमोर येणारा पहिला प्रश्न चौथ्या क्रमांकाचा, म्हणजे पुन्हा सोपा असतो. आदल्या दिवशीच्या तिसऱ्या प्रश्नाने कोणाचे काय केले याच्याशी त्याचा संबंध नसतो. आणि तिसऱ्याने फार जणांचे वाईट केलेले असते. 2017 साली तिसऱ्या प्रश्नात एक अदृश्य ससा आणि त्याचा माग काढणारा शिकारी होता. 615 स्पर्धकांपैकी फक्त दोघांना त्यात पूर्ण गुण मिळाले आणि शून्याहून अधिक गुण मिळवणारे सगळे मिळून सात होते. 1988 चा सहावा प्रश्न, ज्यात एक अपूर्णांक पूर्णांक असेल तर तो पूर्णवर्गच असतो हे दाखवायचे होते, तो तू सोडवला असशीलच. त्यात अकरा जणांना पूर्ण गुण होते. त्या वर्षी सुवर्णपदक मिळवणाऱ्या आणि पुढे नामवंत गणितज्ञ झालेल्या टेरेन्स टाओंना त्याच प्रश्नात 7 पैकी 1 गुण आहे.

क्रमांकावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नकोस. 2024 च्या पाचव्या प्रश्नात 2024 ओळी आणि 2023 स्तंभांच्या पटावर एक गोगलगाय होती, आणि लपलेल्या राक्षसांना चुकवून शेवटच्या ओळीत पोचण्याची खात्री तिला किती प्रयत्नांत देता येईल असे विचारले होते. उत्तर आहे 3. उत्तर वाचल्यावर शाळकरी मुलालाही पटते, आणि तरीही तिथे कसलेली मुले अडकली, कारण मोठे आकडे पाहून त्यांनी उत्तरही मोठेच असणार असे धरले.

लंबक

मी भौतिकशास्त्राच्या ऑलिम्पियाडला गेलो होतो, त्यामुळे इथे थोडा उपरा आहे. आमच्याकडे पाच जणांचा संघ, पाच तासांचा सैद्धांतिक पेपर आणि पाच तासांचा प्रयोग असतो. मुक्कामाला पोचल्यावर फोन काढून घेतले आणि परीक्षा संपल्यावर परत दिले. गणिताकडे याबाबत काय नियम आहे तो संघाला आधी कळवतीलच, पण नियम नसला तरी पहिल्या पेपरच्या संध्याकाळी फोन बंद ठेवावा असे मी सुचवेन. पेपर झाल्यावर दोन तासांत उत्तरे आंतरजालावर येतात, आणि आपले उत्तर चुकलेले कळले तर रात्र गेलीच. आमच्या खोलीत फोन नव्हते म्हणून आम्ही निमूट झोपलो. माझ्या पहिल्या प्रश्नात चिन्हाची चूक होती हे मला चार दिवसांनी कळले, आणि तेव्हा ते कळून काही बिघडणार नव्हते.

झोपेबद्दल आणखी एक. वेळेच्या फरकामुळे पहाटे तीनला जाग येईल. तेव्हा उठून प्रश्न सोडवू नका, पडून राहा. मी उठून सोडवले होते, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगाच्या चौथ्या तासाला आलेखाच्या कागदावर पेन टेकवून डुलकी घेतली. तो ठिपका मी नंतर मोजमाप म्हणून वाचला.

सहावा_गडी

सर्वांचे मनापासून आभार. "पानावर बोट ठेवता आले पाहिजे" हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. आणखी एकच विचारतो. सरांच्या हिशेबाप्रमाणे 1 आणि 4 हे पाया. पण समजा पहिलाच प्रश्न अडला आणि तास-दीड तास गेला, तर त्याला चिकटून राहावे की दुसऱ्याकडे वळावे? शिबिरात मी एकदा चिकटून राहिलो आणि एकदा वळलो, दोन्ही वेळा पश्चात्ताप झाला.

गळ्यातले_ओळखपत्र

तिसऱ्या शंकेला कोणी हात लावलेला दिसत नाही, म्हणून मी लिहिते. परदेशात शिकत असताना माझ्या विद्यापीठाच्या शहरात हा ऑलिम्पियाड झाला होता आणि मी एका संघाची गाइड होते. प्रत्येक संघाला असा एक गाइड मिळतो. काम सोपे: सकाळी सहा डोकी मोजायची, ती सभागृहाच्या दारापर्यंत न्यायची, आणि साडेचार तासांनी तीच सहा डोकी परत मोजायची. मधल्या वेळात बाहेर बसून आम्ही गाइड मंडळी मुलांपेक्षा जास्त काळजी करत असू.

माझ्या संघातल्या कोणाचीच मातृभाषा इंग्रजी नव्हती, आणि शेजारच्या तिन्ही संघांतल्या कोणाचीही नव्हती. हे तुम्ही जाण्याआधीच लक्षात घ्या: तिथे बहुतेक जण तुमच्यासारखेच वाक्य जुळवत असतात. अस्खलित बोलणारे मोजके असतात आणि तेही इतरांची सवय झाल्यामुळे सावकाश बोलतात. पहिले दोन दिवस बहुतेक संघ आपापल्या टेबलावर, आपापल्या भाषेत, थोडे घाबरलेले असतात. खरा ऑलिम्पियाड दुसरा पेपर संपल्यावर दुपारी सुरू होतो असे माझे मत झाले आहे.

माझ्या संघात एक मुलगा होता, तो तीन दिवसांत माझ्याशी "हो", "नाही" आणि "धन्यवाद" एवढेच बोलला. दुसऱ्या पेपरनंतर सगळे पायऱ्यांवर बसले होते. दुसऱ्या देशाच्या दोन मुली सहाव्या प्रश्नाविषयी वाद घालत होत्या, आणि त्यांच्या आकृतीत एक रेषा चुकीच्या बिंदूतून जात होती. हा उठला, त्यांच्या हातातले पेन घेतले, रेषा खोडली आणि दुसरी काढली. काही बोलला नाही. त्यातली एक मुलगी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली आणि मग तिने त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. अंधार पडल्यावर मी त्यांना शोधायला गेले तेव्हा तिथे नऊ जण झाले होते आणि जमिनीवर कागदच कागद. मला त्यातले अक्षरही कळत नव्हते. त्यांच्याही वाक्यांत क्रियापदे जागेवर नव्हती, पण त्यांचे काही अडत नव्हते.

पत्त्यांचे एक-दोन खेळ शिकून जा, बुद्धिबळ येत असेल तर उत्तमच. रात्री सामायिक खोलीत हेच चालते आणि त्याला बोलावे लागत नाही. लहानशा भेटवस्तू जवळ ठेवा, मुले त्यांची देवाणघेवाण करतात. कोणी भेट दिली आणि तुमच्याकडे द्यायला काही नसले की उगाच ओशाळे वाटते.

एका दिवसाची मात्र मनाची तयारी ठेवा. परीक्षेनंतर सहलींचे दिवस असतात, आणि त्याच दिवशी तिकडे टेबलांवर गुण ठरत असतात. जसजसे ठरतात तसतसे ते जाहीर होतात. आमच्या बसमध्ये सगळे खिडकीतून बाहेर पाहण्याऐवजी सहा ओळी आणि सहा रकान्यांचा एक तक्ता पाहत होते. एकेक रकाना भरत होता. एका मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचा रकाना शेवटपर्यंत रिकामा होता, म्हणजे टेबलावर तिच्यावरून चर्चा चालू होती. संध्याकाळी तिथे 5 आला. तिने 7 धरले होते. ती बसमधून उतरून एकटीच चालत गेली, मी अंतर ठेवून मागे गेले, आणि अर्ध्या तासाने तिने मला विचारले की जेवण किती वाजता आहे. संघातल्या इतरांनी तिला काहीच विचारले नाही, ते फार बरे केले. तुमच्या संघातही असे कोणी ना कोणी असेल. कदाचित तुम्हीच असाल.

त्रिज्या

सहावा_गडी, पहिला प्रश्न अडला तर काय, याविषयी माझे सरांपेक्षा किंचित वेगळे मत आहे. 1 आणि 4 हा पाया आहे हे गुणांच्या दृष्टीने खरे आहे, पण "हा सोपा आहे" हे मनात ठेवून अडकणे फार वाईट. तेव्हा माणूस गणित सोडवत नाही, स्वतःला दूषणे देत बसतो. माझ्या संघातल्या एकाने पहिल्या प्रश्नावर साडेतीन तास काढले आणि त्याने दुसरा प्रश्न वाचलेलाही नव्हता. नंतर त्याने तो बसमध्ये वाचला आणि उतरेपर्यंत सोडवला.

म्हणून मी तरी असे करेन की सुरुवातीलाच तिन्ही प्रश्न नीट वाचून काढेन, कारण शंका विचारायचा अर्धा तास तसाही वाचण्यासाठीच चांगला. पहिल्यावर सव्वा तास गेला आणि नवी कल्पना सुचणे थांबले, तर तोवर जे सिद्ध झाले ते क्रमांक घालून पक्क्या पानावर उतरवेन आणि मग दुसऱ्याकडे जाईन. उतरवल्याने दोन गोष्टी होतात: ते गुण खिशात पडतात, आणि लिहिताना आपण नकळत कोणती अट वापरलेलीच नाही ते दिसते. पुष्कळदा तिथेच सुटते. तासाभराने पहिल्याकडे परत यायचेच, हे मात्र आधी ठरवून ठेवा.

कोपऱ्यातले_टेबल

त्रिज्या यांच्याशी सहमत, एका दुरुस्तीसह. सव्वा तास हा आकडा त्यांचा आहे. तुझा आकडा तुझ्या सराव पेपरांतून काढ: जे सोपे प्रश्न तुला अखेर सुटले, त्यांत खरी कल्पना किती मिनिटांनी सुचली ते मागे जाऊन पाहा. माझ्या एका विद्यार्थिनीचा आकडा चाळीस मिनिटे होता आणि दुसऱ्या एकाचा दोन तास. दोन तासवाल्याला मी लवकर पुढच्या प्रश्नाकडे वळायला सांगितले असते तर त्याचे नुकसानच झाले असते.

आणि कंपास पेटीतला कोनमापक घरीच ठेव. पट्टी आणि कंपास चालतात, कोनमापक आणि कॅल्क्युलेटर चालत नाहीत. कंपासचा स्क्रू मात्र जाण्याआधी घट्ट करून घे.

सहावा_गडी

सर, मागचे अठरा पेपर काढून पाहिले. माझा आकडा सत्तर मिनिटे येतो. त्यातल्या सहा उत्तरांत मला "याचप्रमाणे" सापडले. काल रात्री त्यातले एक पूर्ण लिहायला बसलो; ते एक ओळीचे प्रकरण दीड पान झाले, आणि अर्ध्या वाटेवर कळले की त्यात एक उपप्रकरण मी कधी पाहिलेच नव्हते. उरलेली पाच या आठवड्यात लिहितो.